गिरणीवाला डबा का आपटतो?
गव्हाने गच्च भरलेला डबा गिरणीत न्या. दळून झालं की त्याच गव्हाचं पीठ त्याच डब्यात मावत नाही! गिरणीवाला मग डबा उचलून दोनदा दणदण आपटतो, उरलेलं पीठ वर ओततो आणि झाकण दाबून बसवतो. वजन केलंत तर दळणात थोडी घटच आलेली असते. मग फुगलं काय?

हवा. मैद्याचा कण पाण्याच्या साधारण दीडपट घन असतो. म्हणजे 240 मिलीलिटरचा कप फटीविना मैद्याने भरता आला, तर तो 350 ग्रॅमच्या आसपास भरेल. प्रत्यक्षात चमच्याने हलकेच भरून वरून सपाट केलेल्या कपात मैदा निघतो जेमतेम 120 ते 125 ग्रॅम. आपण ज्याला 'कपभर मैदा' म्हणतो, त्यात जवळपास दोन-तृतीयांश हवाच आहे!

आणि ही हवा एका जागी ठरत नाही. मैदा चाळून घ्या, कप 110 ग्रॅमवर येतो. तोच कप पिशवीत खुपसून भरा, दीडशेला टेकतो. चार कपांच्या केकमध्ये 480 ऐवजी 600 ग्रॅम मैदा गेला, म्हणजे अख्खा एक कप जास्त. केक दगड झाला की आपण बोल लावतो ओव्हनला.

साखर असे नखरे करत नाही. कपभर साखर कशीही भरा, 200 ग्रॅमच्या आगेमागेच. मग पिठालाच काय होतं? पीठ बारीक आहे, एवढंच. कण 10 पट लहान केला की त्याचं वजन 1000 पटींनी घटतं, पण शेजाऱ्याला चिकटायची त्याची ओढ घटते साधारण 10 पटींनीच. साखरेचा दाणा स्वतःच्या वजनाने घरंगळून फट बुजवतो. पिठाचा कण मात्र वाटेतच शेजाऱ्याला धरून लटकतो, कमानी रचतो आणि कमानीखाली हवा अडकते. ही ओढ कोणती, ठाऊक आहे? स्वयंपाकघराच्या छताला पाल उलटी चिकटते ना, तिच्या पायांत काम करते तीच!

1896 साली बोस्टनच्या फॅनी फार्मरबाईंनी आपल्या पाकपुस्तकात सपाट मापाचा आग्रह धरला. आपल्याकडे शेर-पायलीच्या मापावर धान्याचा जो निमुळता ढीग चढवत, त्याला शीग म्हणत. उत्सुकता 'शिगेला' पोचते ती तिथूनच. बाईंनी ती शीग सुरीने उतरवली. चांगलंच केलं, पण सुरी फिरते काठावरून. पोटातल्या हवेपर्यंत ती पोचणार कशी? म्हणून 'एक कप म्हणजे किती ग्रॅम' असं कुणी विचारलं, तर आधी उलट विचारावं, 'भरलात कसा?' चमच्याने भरून सपाट केला असेल, तर 120 धरून चला.

घरात वजनकाटा असेल तर एवढं कराच. रिकामा कप ठेवून काटा शून्यावर आणा, चमच्याने मैदा भरा, सुरीने सपाट करा. आकडा बघा, समजा 122. आता कप उचलून ओट्यावर चार-पाचदा आपटा. मैदा बोटभर खाली बसेल. कप पुन्हा काट्यावर ठेवा: 122.