मागं बसणारीचं हेल्मेट

आज आपण हेल्मेटबद्दल बोलणार आहोत. विषय गडीमाणसांचा वाटेल, पण तो आपलाही आहे. रविवारी जोतिबाच्या वाटेवर जरा थांबून पाहा. केर्लीवरून डोंगर चढणाऱ्या गाड्यांवर चालवणाऱ्याच्या डोक्यावर कधी हेल्मेट असतं, कधी ते आरशाला लटकत असतं. मागं बसलेल्या बाईच्या डोक्यावर मात्र पदर असतो, मांडीवर लेकरू आणि हातात नारळाची पिशवी. घरात हेल्मेट घेतलंच तर ते एकच, आणि तेही चालवणाऱ्याच्या मापाचं.

रस्त्याला पुढचं-मागचं कळत नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली दुचाकीच्या अपघातात गेलेल्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यातले १४,३३७ जण मागं बसलेले होते. कायदाही दोघांना सारखाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे पगडी घालणारे शीख बांधव सोडले, तर चार वर्षांवरच्या प्रत्येकानं दुचाकीवर हेल्मेट घालायचं आहे.

यावर आपलं नेहमीचं उत्तर असतं, "आम्ही काय जोरात जातो? घाटात तर गाडी सावकाशच चालते." आता एक हिशेब करू. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असतं. गाडी जागेवर उभी असताना माणूस नुसता बाजूला कलंडला, तरी पाच फुटांवरून पडलेलं डोकं जमिनीला टेकताना ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घेतं. गाडीचा वेग शून्य धरूनही हा आकडा येतो. पावसाळ्यात धुक्यानं ओला झालेला रस्ता, यात्रेतली गर्दी, वळणावरची खडी, यातल्या कशानंही गाडी घसरू शकते. एका अंगाला बसलेल्या बाईला तर धरायलाही धड काही नसतं.

हेल्मेट नेमकं काय करतं? जोतिबाला आपण नारळ वाढवतो. सोललेला नारळ दगडावर आपटला की एका फटक्यात फुटतो. पण झाडावरून सोडणासकट पडलेला नारळ सहसा फुटत नाही, कारण मार सोडण खातं. आपलं डोकं हे सोललेल्या नारळासारखं आहे. हेल्मेटच्या टणक कवचाच्या आत थर्माकोलचा जाड थर असतो, तेच त्याचं सोडण. आपटल्यावर तो थर दबतो, चेपतो आणि मार मेंदूपर्यंत कमी पोचतो. म्हणून हेल्मेट घेताना रंग, चकाकी बघण्याआधी आत हात घालून बघा. वरच्या मऊ कापडाखाली घट्ट थर्माकोल लागला पाहिजे. नुसता स्पंज आणि कापड असेल, तर ती टोपी आहे, हेल्मेट नव्हे.

दुसरी गोष्ट, ज्या कामाचं हेल्मेट त्याच कामाला. गुलमर्गला बर्फावर घसरायच्या खेळात वापरतात ते हेल्मेट वेगळं, क्रिकेटचं वेगळं, बांधकामावरचं पिवळं वेगळं. बांधकामाचं हेल्मेट वरून पडणाऱ्या विटेसाठी असतं, रस्त्यावर आपटण्यासाठी नाही. दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआयची खूण, आय.एस. ४१५१ हा क्रमांक आणि 'सीएम/एल'नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. १ जून २०२१ पासून ही खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. नुसती खूण चिकटवणारेही असतात, म्हणून मोबाइलवर 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये तो परवाना क्रमांक टाकून बघा. खरा असेल तर कंपनीचं नाव समोर येतं.

आता माप. यासाठी दुकानदार लागत नाही, शिलाईची टेप पुरते. भुवयांच्या वर एक बोट जागा सोडून, कानांच्या वरून, डोक्याचा मागचा फुगीर भाग घेऊन टेप गोल फिरवा. ५६ सेंटिमीटर आले तर हेल्मेटवर ५६० लिहिलेलं शोधा, ५८ आले तर ५८०. हा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. मालकांचं ६०० चं हेल्मेट ५६० च्या डोक्यावर डुगडुगतं, आणि पडताना आधी तेच निसटतं.

घालून बघताना तीन परीक्षा घ्या. पहिली, मान डावी-उजवीकडे हलवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरता कामा नये. दुसरी, हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा आणि गळा यांच्यात दोन बोटं जावीत, मूठ नाही. तिसरी, पट्टा लावलेला ठेवून हेल्मेट मागून वर आणि पुढं ढकला. ते निघून हातात आलं, तर दुकानातच परत ठेवा. नवं हेल्मेट गालाला थोडं घट्ट लागतं, ते वापरून सैल होतं. पण कपाळावर एकाच जागी टोचत असेल, तर दुसरं बघा.

आकार कोणता घ्यायचा? पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट हनुवटी आणि जबडाही वाचवतं, म्हणून ते सगळ्यांत चांगलं. कुणाला त्यात गुदमरत असेल, तर कान आणि मानेच्या वरचा भाग झाकणारं, पुढं काच असलेलं घ्यावं. कानाच्या वरच थांबणारी अर्धी टोपी घेऊ नका. काच साधी, पारदर्शक घ्या. काळ्या काचेतून धुक्यात आणि अंधारात दिसत नाही.

आणि आपली खरी अडचण, केस! उंच अंबाड्यावर हेल्मेट बसतच नाही, ते टोपल्यासारखं वर राहतं. निघताना सैल वेणी घाला किंवा केस मानेजवळ खाली बांधा. मोठी पिन, क्लचर काढून पर्समध्ये ठेवा, मार बसला तर तेच डोक्यात घुसतात. गजरा, अंबाडा देवळाच्या पायरीशी पोचल्यावर करता येतो. घामासाठी आत पातळ सुती रुमाल चालतो, पण जाड स्कार्फ नको, त्यानं माप बिघडतं.

लेकरांचं विसरू नका. मोठ्याचं हेल्मेट लहान डोक्यावर डोळ्यांवर येतं. त्यांना त्यांच्या मापाचंच हवं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

निगा सोपी आहे. यात्रेत गुलाल बसला तर ओल्या फडक्यानं आणि साध्या साबणाच्या पाण्यानं पुसा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, त्यानं थर्माकोल विरघळतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बाद समजा, कारण आतला थर एकदाच चेपतो, पुन्हा फुगत नाही. म्हणूनच कुणाचं वापरलेलं हेल्मेटही विकत घेऊ नका.

मैत्रिणींनो, पुढच्या बचत गटाच्या बैठकीला शिलाईची टेप घेऊन या. प्रत्येकीचं आणि तिच्या मुलांचं माप वहीत लिहून ठेवा. दहा-पंधरा हेल्मेटं एकदम घेतली तर दुकानदार भावही कमी करतो, आणि ज्या बाईला एकरकमी जमत नाही तिला गटातून हप्त्यानं देता येतं. आपण शेळीचा विमा काढतो, मशिनचा काढतो. गाडीवर मागं बसणाऱ्या डोक्याचीही तेवढी काळजी करू या.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!