गळती शोधण्याचे पैसे

जूनच्या मध्याला मुंबईत पाऊस स्थिरावतो आणि आठवड्याभरात वरच्या मजल्यांवरच्या घरांत पिवळसर कडांचे डाग छतावर उमटू लागतात. कपाटामागच्या भिंतीचे पापुद्रे सुटतात, पंख्याच्या दांड्यावरून थेंब ओघळतो आणि वॉटरप्रूफिंगवाल्यांना फोन जातात. पाहणीला येणारा माणूस बहुतेक वेळा पैसे घेत नाही. तो डाग पाहतो, गच्चीवर जाऊन येतो, भिंतीवर टकटक करून प्लास्टर पोकळ वाजते का ते ऐकतो आणि चौरस फुटाचा दर सांगतो. या व्यवहारात एका कामाची किंमत कोणीच लावलेली नसते. पाणी नेमके कुठून येते हे शोधण्याचे ते काम. घरातल्या ओलीवर खर्च करणाऱ्याने पहिले पैसे या शोधासाठी मोजावेत, ते वेगळे मोजावेत आणि पुढचे काम ज्याला मिळणार नाही अशाच माणसाला द्यावेत, असे माझे म्हणणे आहे. औषध विकणाऱ्यानेच आजार ठरवावा, हे आपण आपल्या शरीराच्या बाबतीत चालवून घेत नाही. घराच्या बाबतीत मात्र तीच रीत पडून गेली आहे.

ही रीत का पडली, हे समजायला छपरांचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. उतरत्या कौलारू छपराची गळती शोधायला तज्ज्ञ लागत नसे. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वदूर पोचली. कौल फुटले की पाणी बहुधा त्याच्याच आसपास पडे आणि पावसाआधी कौले शेकारून घेतली की भागे. मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या त्या 1930 च्या दशकापासून सपाट सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबने शहराचा ताबा घेतला. सपाट स्लॅबवर पाणी थांबते, आणि जिथे ते आत शिरते तिथेच खाली दिसेल याची खात्री नसते. या अडचणीवर मुंबईच्या गवंड्यांनी ज्या उपायात हात बसवला तो ब्रिकबॅट कोबा. स्लॅब घासून स्वच्छ करायचा, सिमेंटची स्लरी ओतायची, पाण्यात भिजवलेले विटांचे तुकडे मसाल्यात उभे लावून पावसाच्या पाइपाकडे साधारण शंभराला एक असा उतार काढायचा, पॅरापेटच्या कोपऱ्यात गोलसर वाटा चढवायचा, वरचा थर घोटून दोरीने चौकोन पाडायचे आणि मग गच्चीत पाणी भरून कोबा पिकवायचा. हे काम नीट करणाऱ्या कारागिराबद्दल मला मनापासून आदर आहे. डोळ्यांना न दिसणारा उतार तो पाणसळ आणि दोरीवर काढतो, आणि असा चांगला कोबा दशकानुदशके टिकलेला आहे.

पण कोबा हा जड उपाय आहे. सरासरी साडेचार इंच जाडीचा थर धरला तर दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन स्लॅबवर चढते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ते वीस टनांच्या घरात जाते. जुना कोबा न फोडता त्यावर नवा घातला तर हे ओझे दुप्पट होते, आणि ते येते नेमके अशा स्लॅबवर, ज्यातली सळई ओलीने आधीच गंजू लागलेली असते. काँक्रीट मुळात अतिशय अल्कधर्मी असते आणि त्यामुळेच आतल्या लोखंडाला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायॉक्साइड हळूहळू आत जाऊन हे संरक्षण काढून घेतो. मग पाणी पोचले की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि छताचे पोपडे पडतात. अशा छताच्या डोक्यावर, पाणी खरोखर गच्चीतूनच येते का याची खात्री न करता, वीस टन चढवणे हा नुसता वाया गेलेला खर्च नाही. तो धोका आहे.

पाणी कुठून येते हे ठरवणे इतके अवघड का, याचे उत्तम उत्तर आपल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये दडलेले आहे: न्हाणीघराखालचा संकन स्लॅब. पाइप लादीखाली लपावेत म्हणून न्हाणीघर आणि संडासाचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा नऊ इंचांपासून दीड फुटापर्यंत खाली ओततात. या खड्ड्याच्या तळाला वॉटरप्रूफिंगचा पहिला थर, त्यावर सांडपाण्याचे पाइप आणि नहाणी ट्रॅप, मग विटांच्या तुकड्यांची भर, त्यावर दुसरा थर, आणि सर्वांत वर लादी. कागदावर ही रचना निर्दोष आहे. व्यवहारात लाद्यांच्या सांध्यांतले सिमेंट झिजते, ट्रॅपच्या गळ्याभोवती केसाएवढी फट पडते आणि रोजच्या आंघोळीचे थोडेथोडे पाणी भरावात उतरते. तळाचा थर शाबूत असेल तर ते तिथेच साठते. साठलेले पाणी मग स्लॅबमधली सर्वांत कच्ची जागा शोधते. कधी ती पाइप जिथून स्लॅब भेदून जातो तिथे असते, कधी तुळईच्या सांध्याशी, तर कधी काँक्रीट ओतताना नीट न ठासलेल्या कोपऱ्यात. खालच्या घरातला डाग म्हणून वरच्या फटीपासून पाच-सात फुटांवर असू शकतो. काही बांधकामांत या खड्ड्याच्या तळाशी साठलेले पाणी बाहेर काढणारा छोटा पाइप ठेवतात, ही मोठी शहाणी सोय आहे. जिथे तो नाही, तिथे वरची फट बुजवली तरी भरावातले जुने पाणी दिवसचे दिवस, कधी आठवडेही, खाली ठिबकत राहते. खालच्या घरच्यांना वाटते काम फसले, वरच्यांना वाटते पैसे बुडाले, आणि बरोबर झालेली दुरुस्ती उखडून दुसरा ठेकेदार नव्याने सुरुवात करतो.

या खड्ड्याची तपासणी करायची पद्धत आहे आणि ती साधी आहे. तिला फक्त वेळ लागतो. ट्रॅप बंद करून लादीवर इंचभर रंगीत पाणी चोवीस तास उभे ठेवले, की लाद्यांच्या सांध्यांचा कस लागतो. मग ट्रॅप उघडून दुसऱ्या रंगाचे पाणी ओतले, की सांडपाण्याच्या पाइपाचा. भिंतीतल्या नळजोडणीला दाबयंत्र लावून काटा खाली येतो का ते पाहिले, की पुरवठ्याच्या पाइपाचा. दोन चाचण्यांमध्ये थांबावे लागते, नाहीतर आधीचे साठलेले पाणी पुढच्या चाचणीच्या नावावर जमा होते. म्हणजे एका न्हाणीघराला आठवडा सहज जातो. गच्चीची चाचणी याच धर्तीवर होते: पावसाळी पाइपांची तोंडे बुजवायची आणि दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायचे. त्याआधी जाणकार माणूस प्रश्न विचारतो, आणि निम्मे निदान तिथेच होते. ओल बारमाही असेल तर पुरवठ्याच्या पाइपाकडे बोट जाते, वरच्यांची आंघोळ झाल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याकडे, फक्त पश्चिमेच्या वाऱ्याचा पाऊस लागला की दिसत असेल तर बाहेरच्या भिंतीच्या भेगांकडे. तळमजल्यावर जमिनीपासून कमरेपर्यंतच पट्टा असेल तर ओल खालून चढते आहे आणि गच्चीचा तिच्याशी काही संबंध नाही. पाहणी फुकट करणारा माणूस आठवडाभर तुमच्या घरी चाचण्या करत थांबू शकत नाही. त्यात त्याची लबाडी आहे असे नाही. त्याचा रोज जोडलेल्या कामाच्या चौरस फुटांवर ठरतो आणि त्यामुळे जे काम त्याला येते, तेच त्याला डागात दिसते. इपॉक्सीवाल्याला सांध्यांत दोष दिसतो, कोबावाल्याला गच्चीत, रंगवाल्याला भिंतीच्या बाहेरच्या कोटात.

हल्ली पाहणीला यंत्रे येतात आणि त्यांचा दबदबा मोठा आहे. त्यांचे खरे मोल ओळखले पाहिजे. टोचणीचा ओलावामापक भिंतीचा विद्युतरोध मोजतो. भिंतीला लोणा लागला असेल तर क्षारांमुळे तो कोरड्या भिंतीलाही ओली ठरवू शकतो. थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, त्याला पृष्ठभागाचे तापमान दिसते. ओली जागा बाष्पीभवनाने थंड असते म्हणून ती उठून दिसते, पण एसीच्या झोताखालची कोरडी भिंतही तशीच दिसेल. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात ही यंत्रे फार उपयोगी आहेत. दर वाढवण्यासाठी दाखवलेले रंगीत चित्र मात्र पुरावा होत नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल: फुकट मिळते त्याला पैसे का द्यायचे? पाहणी फुकट नसते, तिची किंमत दरात मुरलेली असते, आणि ज्यांनी काम दिले नाही त्यांच्या पाहण्यांचा खर्चही काम देणाऱ्याच्याच माथी येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तीस वर्षे कोबा घातलेल्या मिस्त्रीला जे कळते ते पदवीधर इंजिनिअरला कॅमेरा घेऊनही कळत नाही, असे म्हणतात, आणि अनेकदा ते खरे असते. म्हणूनच निदानाचे पैसे इंजिनिअरलाच द्या असा माझा आग्रह नाही. त्या मिस्त्रीला द्या, त्याच्या आठवड्याचा पूर्ण रोज द्या, फक्त त्या कामाचा ठेका त्याला देऊ नका. त्याच्या ज्ञानाला आज जो मान मिळत नाही तो या रीतीने मिळेल. कायद्यालाही ही विभागणी नवी नाही. विम्याचा मोठा दावा असला तर नुकसानीचे मोजमाप परवानाधारक सर्वेक्षक करतो, दुरुस्ती करणारा नाही. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम 353 ब खाली तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी लागते. अख्ख्या इमारतीला जे तत्त्व लागू आहे, ते एका छताला लावायला हरकत नसावी.

आता अडचणी, आणि त्या खऱ्या आहेत. निदान एकाने आणि काम दुसऱ्याने केले की फसल्यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील. माझ्या मते हाच या सूचनेवरचा सर्वांत सबळ आक्षेप आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. निदान लेखी असावे, कोणती चाचणी कधी केली आणि काय दिसले हे त्यात असावे, काम झाल्यावर तीच चाचणी पुन्हा करावी, आणि ठेकेदाराच्या रकमेचा काही भाग एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा, एवढे करता येते. दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कागदापेक्षा ही राखलेली रक्कम अधिक बोलते. कारण त्या कागदातल्या अटींत इमारतीची हालचाल, प्लंबिंगचे दोष आणि इतरांनी केलेले काम बहुधा वगळलेले असते, आणि उरलेल्या गॅरंटीसाठी ती फर्म दहा वर्षे टिकावी लागते. प्लंबरला महापालिकेचा परवाना लागतो, वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराला तसा वेगळा परवाना लागत नाही. त्यामुळे निवड करताना जुन्या कामांची, किमान तीन-चार पावसाळे पाहिलेल्या कामांची, प्रत्यक्ष चौकशी करण्यावाचून मार्ग नाही.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. गच्चीतून किंवा सामाईक पाइपातून येणारी गळती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची, असे गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत म्हटले आहे. सर्वांत वरच्या मजल्यावरचे पावसाच्या पाण्याने खराब झालेले छत आणि प्लास्टरही त्यात येते. फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाची. म्हणजे पाण्याचा उगम कुठे, यावर खर्च कोणाचा हे ठरते, आणि तरीही उगम शोधण्याआधीच वरच्या आणि खालच्या घरांत अबोला सुरू होतो. तटस्थ लेखी निदान सर्वांत मोलाचे ठरते ते इथे. नव्या इमारतीत तर ते आणखी कामाचे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष दाखवला तर रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे विकासकाने तो विनामोबदला दुरुस्त करायचा असतो, पण दोष कुठला हे दाखवावे लागते. विमाही याच प्रश्नावर अडतो. भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर आणि पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे यांचा समावेश आहे. वर्षानुवर्षे मुरलेल्या ओलीचा नाही.

तिसरी अडचण ऋतूची आहे. डाग जुलैत दिसतो आणि काम कोरड्या स्लॅबवरच होते. जुलैत करता येते ते तात्पुरते: ताडपत्री, पाण्याला वाट, विजेचे पॉइंट बंद करणे, ओले लाकूड आणि कापड बाजूला काढणे. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते, की ओल्या वस्तू 24 ते 48 तासांत सुकवल्या तर बुरशी सहसा धरत नाही. कोकणच्या दमट पावसाळ्यात खिडक्या उघडून ते साधत नाही, त्याला बंद खोली आणि डीह्युमिडिफायर लागतो. ओल्या भिंतीवर घाईने मारलेला रंग पुढच्या वर्षी हमखास सुटतो. शोधाचे काम मात्र पावसातच सर्वांत चांगले होते, कारण पाणी तेव्हा चालते असते. निदान पावसाळ्यात आणि दुरुस्ती दिवाळीनंतर, असा क्रम लावला तर दोन्ही कामे वेगळ्या हातांत देणे आपोआप सोपे होते.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, म्हणजे डाग अजून ओले असतानाच. यंदाच्या सभेत ठेकेदारांची दरपत्रके वाचायला घेण्याआधी एक ठराव मांडा: गळतीच्या तपासणीसाठी स्वतंत्र रक्कम मंजूर करावी आणि तपासणी करणाऱ्याला दुरुस्तीचे काम देऊ नये.