परसातल्या कोंबड्या : दांडीखाली काय पडलंय?

अंडं अडकलेल्या कोंबडीबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. मधल्या दिवसांत माढ्याकडच्या एका वाचकताईंचं पत्र आलं. त्यांचा प्रश्न तुमच्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी पडलेला असणार, आणि विषयही माझ्या अगदी जिव्हाळ्याचा, म्हणून तो आधी घेतो. त्या लिहितात : 'आमची तांबडी गावरान कोंबडी दोन दिवस शेपूट पाडून, डोळे मिटून बसते. हिरवं पाण्यासारखं हगते. मानमोडी तर नसेल ना? मेडिकलमधून कुठली गोळी आणू?'

गोळीचं नंतर पाहू. पण ताईंनी शिटेचा रंग बघितला, हे फार चांगलं केलं. आजारी कोंबडी होईल तेवढं दुखणं लपवते. कळपात दुबळी दिसली की बाकीच्या तिला टोचून हैराण करतात, म्हणून ती दाणे टिपायचं सोंग करत त्यांच्यात फिरत राहते. तुरा फिका पडून ती कोपऱ्यात बसलेली तुम्हाला दिसते, तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. शिट मात्र तिला लपवता येत नाही.

संगमेश्वराकडच्या एका काकींकडून मी हे बघायला शिकलो. रोज संध्याकाळी त्या खुराड्यातल्या दांडीखाली चुलीतली राख पसरून ठेवायच्या आणि सकाळी दार उघडायच्या आधी आत वाकून बघायच्या. कोंबड्या दांडीवर सहसा आपापल्या ठरलेल्या जागी बसतात. मानाची जागा मानाच्या कोंबडीला, नवख्या तलंगा कडेला. त्यामुळे राखेवर कुणाखाली काय पडलंय ते नेमकं कळतं. एका सकाळी काकी म्हणाल्या, "भाऊ, भिंतीकडच्या काळीचं काही खरं नाही. तिच्याखाली नुसतं पांढरं पडलंय." काळी तर माझ्यासमोर इतरांसारखीच बाहेर पळाली होती. दुपारी बघतो तर ती पडवीत पिसं फुगवून उभी.

निरोगी कोंबडीची शिट नीट बघून ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्याशीच ताडून बघायचं आहे. करड्या-तपकिरी रंगाचा, आकार धरून राहणारा गोळा, आणि त्यावर पांढरी टोपी. गोळा म्हणजे अन्नाचा चोथा, टोपी म्हणजे लघवी. कोंबडीला मूत्राशय नसतं. मूत्रपिंडातून निघालेलं युरिक आम्ल पांढऱ्या लगद्याच्या रूपात त्याच वाटेने, चोथ्याबरोबरच बाहेर पडतं. म्हणजे एका शिटेत दोन अवयवांची खबर असते. टोपी आहे आणि गोळा नाही, असं दिसलं की कोंबडीच्या पोटात अन्न गेलेलं नाही. काकींच्या काळीचं तेच झालं होतं.

दिवसातून दोन-तीनदा मात्र वेगळंच काही पडतं : गडद चॉकलेटी, चिकट, पातळसर, नाक धरायला लावणारं. नवीन कोंबड्या पाळणारे हे बघून घाबरतात आणि हगवणीचं औषध सुरू करतात. घाबरू नका. कोंबडीच्या आतड्याला शेवटाकडे दोन बंद पिशव्या असतात, त्यांना आंधळी आतडी म्हणतात. तिथे चोथा आंबतो आणि मधूनमधून त्या रिकाम्या होतात. ही शिट पडते म्हणजे आतडी नीट चालली आहेत. खुडूक कोंबडीची तऱ्हा आणखी निराळी. ती अंड्यांवरून दिवसातून एखाद-दोनदाच उठते आणि साठवलेलं सगळं एकदम टाकते. तो ढीग आणि त्याचा वास बघून चक्रावायला होतं, पण तेही ठीकच.

आता हिरवं. कोंबडीचं पित्त मुळातच हिरवं असतं. पोटात अन्न असेल तर ते त्यात मिसळून जातं आणि रंग उरत नाही. पोट रिकामं असेल तर पित्त तसंच्या तसं खाली येतं. त्यामुळे हिरव्या पाण्याचा पहिला अर्थ 'ही उपाशी आहे' एवढाच घ्यायचा. (लसूणघास किंवा मेथीची जुडी फस्त केली असेल तरी रंग हिरवा येतो, पण त्यात गोळा असतो.) उपाशी का आहे, हा पुढचा प्रश्न. मानमोडीत म्हणजे राणीखेत रोगात कोंबडी खाणं सोडते आणि हिरवी हगवण लागते, हे खरं. पण मानमोडी एकट्या कोंबडीवर क्वचित थांबते. दोन-चार दिवसांत दुसरी, तिसरी बसते, चोच उघडून श्वास घेते, कुणाची मान वाकडी होते, कुणाचा पाय लुळा पडतो. कुमाऊँतल्या राणीखेतला १९२७च्या सुमारास ही साथ नोंदवली गेली, आणि इतक्या वर्षांनंतरही तिच्यावर औषध नाही. लागण व्हायच्या आधी दिलेली लस, एवढाच इलाज : पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, आठव्या आठवड्याला आर-टू-बी.

ताईंना मी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. बाकीच्या कोंबड्या कशा आहेत? सगळ्या ठणठणीत. आणि सकाळी, काही खायच्या आधी, तांबडीच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी हाताला कशी लागते? त्या फोन तसाच ठेवून उठल्या, परत येऊन म्हणाल्या, "दादा, टणक गोळा आहे. लिंबापेक्षा मोठा." रात्री झोपताना ही पिशवी भरलेली असते, सकाळपर्यंत रिकामी व्हायला हवी. ती सकाळीही टच्च भरलेली, म्हणजे खाल्लेलं पुढे पेठ्यात सरकतच नव्हतं. पिशवी भरलेली आणि आतडी उपाशी, म्हणून शिट हिरवी.

अशा वेळी दाणे आणि सुका चारा बंद. कोमट पाण्याचे थेंब चोचीच्या कडेला लावायचे, ते ती आपणहून गिळते. चोच उघडून पाणी ओतू नका; श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि पाणी थेट फुप्फुसात जातं. मग बोटांनी पिशवी हलक्या हाताने चोळायची, दिवसातून तीन-चार वेळा. कोंबडी उलटी धरून पिशवी दाबायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती कृपा करून सोडा. त्यात कोंबडी गुदमरून मरते. दुसऱ्या सकाळीही गोळा तसाच असेल तर डॉक्टरांकडे न्या. ताईंच्या तांबडीला न्यावं लागलं. डॉक्टरांनी पिशवीला छोटा छेद घेतला आणि आतून गोणपाटाच्या सुतळीचा गुंता काढला. खुराड्यात उबेसाठी फाटकी गोणी अंथरलेली होती. तांबडी आता बरी आहे. तुमच्या खुराड्यात सुटलेल्या धाग्यांची गोणी असेल तर आजच काढा आणि त्या जागी भाताचं तूस टाका.

शिटेत रक्त दिसलं तर मात्र उद्यावर ढकलू नका. नारिंगी-तांबूस पापुद्रा एखाद्या वेळी पडतो, ते आतड्याचं झडलेलं अस्तर असतं. लाल रक्त वेगळं. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पंख पाडून एकमेकांना चिकटून उभी आहेत आणि खाली रक्त आहे, तर ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. हा आतड्यातला अतिसूक्ष्म परजीवी आहे. शिटेतून बाहेर पडलेली त्याची बीजं ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करायला तयार होतात. म्हणून मृगाच्या पावसात खुराड्याचं छप्पर गळतं आणि आठवड्याभरात पिल्लं मरू लागतात. डॉक्टर अँप्रोलियम देतात, तेही पाण्यातून, कारण आजारी पिल्लू खाणं सोडतं पण पाणी पितं. हे औषध ब-१ जीवनसत्त्वाची वाट अडवून त्या परजीवीला उपाशी मारतं, त्यामुळे त्याच दिवसांत ताकदीसाठी म्हणून बी-कॉम्प्लेक्स पाजलं तर औषधाचा जोर ओसरतो. आणि भिजलेलं तूस उचलून फेकल्याशिवाय कुठलंही औषध पुरं पडत नाही.

पांढऱ्याबद्दल एकच सांगतो, पण ते कळकळीने. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य वाढत्या पिल्लांना घालू नका. त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, पिल्लाला साधारण एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम त्यांची मूत्रपिंडं खराब करतं, शिट चुन्यासारखी पांढरी होते आणि पिल्लं वाळत जातात. एकाच पोत्यातलं सगळ्यांना घालायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे.

कुठलीही कोंबडी आजारी वाटली की तिला वेगळ्या खोक्यात, वारा लागणार नाही अशा उबदार जागी ठेवा आणि खाली तूस न घालता वर्तमानपत्राचा कागद अंथरा. सकाळ-संध्याकाळ कागद बदला. किती वेळा शिटली, रंग कोणता, टोपी आहे का, जंत दिसतो का, सगळं त्यावर स्वच्छ दिसतं. मोठा गोल जंत पाच ते दहा सेंटिमीटर लांब असतो, तो डोळ्यांनीच कळतो. त्याची अंडी मात्र दिसत नाहीत. त्यासाठी सकाळची ताजी शिट चमचाभर, झाकणाच्या स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. उन्हात ठेवू नका, गोठवू नका. आसपास सोय नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करा. औषध मिळालं की अंडी किती दिवस खायची नाहीत तेही तिथेच विचारून घ्या. अँटिबायोटिकची गोळी मेडिकलमधून अंदाजाने आणू नका. ताईंच्या तांबडीच्या सुतळीवर तिचा काय उपयोग झाला असता?

आणि एकाएकी, लक्षणं न दाखवता बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर यातलं काहीच करत बसू नका. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका, लगेच दवाखान्याला कळवा. २००६ साली नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, ते आपल्याच राज्यात.

अंडं अडकण्याचं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर ज्यांच्या तलंगा नुकत्या अंड्यावर आल्यात, त्यांनी शिंपल्यांचा भरड चुरा वाटीत वेगळा ठेवावा, खाद्यात मिसळू नये. जिला लागेल ती खाईल.