समुद्रतळींचा उष्णतामापक

गेल्या सुटींत रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या नातवानें मला एक पेंच घातला. तो म्हणाला, “आजोबा, पाऱ्याचा उष्णतामापक फॅरनहाइटनें १७१४ सालीं केला. मग वीस हजार वर्षांपूर्वीं समुद्राचें पाणी किती उबदार होतें, हें शास्त्रज्ञ कशावरून सांगतात? ही थाप तर नव्हे?” माझा जन्म व्याकरण व न्याय शिकविण्यांत गेला, रसायनशास्त्राशीं परिचय बेताचाच. परंतु शंका रास्त होती, म्हणून कांहीं वाचन केलें. त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवितों.

समुद्राच्या पृष्ठभागाजवळ एमिलियानिया हक्सलेयी नांवाचें एकपेशी शैवाल अगणित संख्येनें वाढतें. त्याचा आकार मिलिमीटरच्या सुमारें दोनशेव्या भागाइतका, आणि अंगावर चुन्याच्या नाजूक चकत्यांचें चिलखत! हें शैवाल अल्केनोन नांवाचे स्निग्ध पदार्थ तयार करितें. त्यांत कार्बनच्या ३७ अणूंची लांब सांखळी असून तींत कोठें दोन, कोठें तीन द्विबंध असतात. पाणी थंड असेल तर तीन द्विबंधांचा प्रकार वाढतो. उबदार असेल तर दोहोंचा. शैवाल मेल्यावर त्याचे अवशेष तळाशीं बसतात. इतर बहुतेक द्रव्यें कुजून जातात. हा चिवट पदार्थ मात्र चिखलांत लाखों वर्षें टिकतो.

थंडींत खोबरेल थिजतें, पण करडईचें तेल पातळच राहतें, हें गृहिणींना ठाऊकच आहे. करडईच्या तेलांत द्विबंध पुष्कळ, खोबरेलांत फारच थोडे, हें त्याचें मुख्य कारण. शैवालही याच युक्तीनें आपलें पेशीपटल लवचीक ठेवीत असावें, असें विद्वानांस प्रथम वाटलें. पुढें हे पदार्थ पटलांत नसून पेशींतील स्नेहबिंदूंत आढळले. त्यामुळें कारणाविषयीं वाद उरला. अनुभवसिद्ध नियम मात्र टिकला.

ब्रासेल, एग्लिंटन व त्यांचे सहकारी यांनीं १९८६ सालीं दाखविलें कीं, समुद्रतळींच्या थरांत हें प्रमाण हिमयुगांबरोबर बदलत जातें. १९८७ सालीं प्राल व वेकहॅम यांनीं प्रयोगशाळेंत वाढविलेल्या शैवालावरून त्याचें गणित बसविलें. १९९८ सालीं म्यूलर व त्यांचे सहकारी यांनीं ६० अंश दक्षिणेपासून ६० अंश उत्तरेपर्यंतच्या समुद्रतळींचा वरचा चिखल तपासला. त्यांतूनही जवळजवळ तेंच सूत्र निघालें. दोन्ही प्रकार मिळून शंभर भाग धरावे. त्यांपैकीं दोन द्विबंधांचे जितके भाग असतील त्यांतून ४.४ वजा करून बाकीस ३.३ नें भागावें. असे भाग ८७ निघाले, तर पाणी सुमारें २५ सेल्सिअस अंश होतें असें समजावें.

न्यायशास्त्र जाणणाऱ्यांस यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. धुरावरून अग्नीचें अनुमान करितांना स्वयंपाकघर हा जसा दृष्टांत, तशी येथें प्रयोगशाळा. व्याप्ति आधीं पारखून घेतली, मगच अदृष्टाचें अनुमान केलें. मात्र व्याप्तीला मर्यादाही असते. पाणी २८-२९ अंशांच्या वर गेलें कीं तीन द्विबंधांचा प्रकार जवळजवळ नाहींसा होतो, आणि हें माप मुकें होतें. शिवाय प्रवाह दूरचा गाळ वाहून आणतात. शैवालही सर्व ऋतूंत सारखें वाढत नाहीं. या मर्यादा शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात, हेंच मला विशेष वाटलें. थाप मारणारा मनुष्य आपल्या थापेची सीमा सांगत नसतो.

मालदीव बेटांजवळच्या गाळावरून १९९३ सालीं असें अनुमान प्रसिद्ध झालें कीं, गेल्या हिमयुगांत तेथील पाणी आजच्याहून दोन-तीन अंशांनींच थंड होतें. “एवढेंच?” नातू म्हणाला. होय, एवढेंच! पण त्याच काळीं उत्तरेकडील खंडांवर बर्फाचे प्रचंड थर होते, आणि समुद्राची पातळी सुमारें १२० मीटर खालीं असल्यानें आपल्या कोंकणचा किनारा पुष्कळ पश्चिमेस होता. गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वीचें सरासरी उष्णतामान एका अंशाहून अधिक वाढलें आहे. “एकच अंश” म्हणून हंसण्यापूर्वीं त्या चिखलाची साक्ष ऐकावी, इतकेंच मी त्याला सांगितलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग उठला आणि वहीवर वजाबाकी-भागाकार करूं लागला.