फॉरवर्ड केलं म्हणजे जामीन राहिलात



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत आम्ही एक गंमत केली. बचत जमा झाली, वही लिहून झाली, आणि मग एका ताईंचा मोबाईल मध्ये ठेवून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशी काय काय आलं ते वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. सुप्रभात, गुलाब, देवांचे फोटो. वाढदिवस. कुणाच्या तरी भाषणाचा तुकडा. किडनी साफ करणारा काढा. "हा मेसेज 11 जणांना पाठवा." एवढ्या सगळ्यात कामाचे मेसेज निघाले चार. पाणी उद्या उशिरा येणार, रेशन दुकानात धान्य आलंय, अंगणवाडीत लसीकरण आहे, आणि एका ताईंची शेळी हरवली आहे. शेळी संध्याकाळपर्यंत सापडली.

"म्हणजे बाकी सगळा कचराच की!" एक ताई म्हणाल्या. मीही पटकन हो म्हटलं. घरी येताना मात्र वाटलं, इतकं सोपं नाही ते. सुप्रभातचंच घ्या. आपल्या गटात लिहिता न येणाऱ्या आजी आहेत. नातवानं शिकवलंय, कुठे दाबलं की गुलाब जातो. बैठकीत त्या अंगठा देतात, ग्रुपवर गुलाब देतात. मला आता त्या गुलाबाचा राग येत नाही. (सकाळी साडेपाचला आला तर थोडा येतो.)

खरा प्रश्न पुढचा आहे. त्याच ढिगात कधी कधी असं काही येतं, ज्यावर एखाद्याचा जीव, अब्रू किंवा बँकेतले पैसे अवलंबून असतात. ते ओळखायचं कसं?

आपल्याच भागातलं आठवा. 27 जुलै 2019. उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर–वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. गाडीत हजाराहून जास्त माणसं. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढले आणि बाहेर पाठवले: आम्ही इथे आहोत, चहूकडे पाणी आहे, खायला-प्यायला नाही. नंतर बोटी आल्या, आसपासच्या गावातले लोकही धावले आणि सगळे सुखरूप बाहेर पडले. ते व्हिडिओ लाखमोलाचे होते. ज्यानं पाठवले तो स्वतः तिथे होता, आणि बघणाऱ्याला ठिकाण कळत होतं, वेळ कळत होती. आता तोच व्हिडिओ कुणी या वर्षीच्या जुलैत "आत्ताची परिस्थिती" म्हणून टाकला, तर? चित्र तेच, पण आता तो खोटा.

पावसाळ्यात खरा उपयोगी मेसेज दिसायला अगदी रुक्ष असतो. "बदलापूर, उल्हास नदी, सकाळी 9 वाजता पातळी अमुक मीटर." बदलापूरला इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोका पातळी 17.50 मीटर आहे. एवढं माहीत असलं की नदीकाठच्या ताईंना त्या एका आकड्यावरून ठरवता येतं, सामान वर चढवायचं की नाही. त्यात संगीत नसतं, लाल अक्षरं नसतात, "जास्तीत जास्त शेअर करा" नसतं.

वांगणीचे पॉइंट्समन मयूर शेळके यांचा व्हिडिओ तर तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. 17 एप्रिल 2021. अंध आईच्या हातून सुटून मूल रुळावर पडलं, समोरून एक्सप्रेस येत होती, आणि हा माणूस धावत गेला. त्यांना मिळालेल्या 50 हजारांच्या बक्षिसातले निम्मे त्या मुलासाठी देईन, असंही ते म्हणाले. तो व्हिडिओ स्टेशनच्या कॅमेऱ्यातला होता. फिरला नसता तर आपल्या शेजारच्या स्टेशनवरची एवढी मोठी गोष्ट आपल्यालाही कळली नसती.

आता माझी चूक सांगते. 20 ऑगस्ट 2024 ला बदलापूरमध्ये काय झालं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शाळेतल्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं होतं आणि लोक रुळांवर उतरले होते. पालकांना तक्रार नोंदवायलाच तासन्‌तास थांबावं लागलं, ही गोष्ट घराघरात पोचली ती बरीचशी मोबाईलवरून. तो राग खरा होता, त्याचं कारणही खरं होतं. पुढच्या गाड्या बंद, म्हणून मी अंबरनाथ पूर्वेला कार्यालयातच अडकले होते. त्याच एक-दोन दिवसांत एक मेसेज आला, की त्यातली एक मुलगी गेली. मी तो वाचला, डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन ग्रुपवर पुढे पाठवून दिला. कोणी लिहिला, कुठून आला, काही पाहिलं नाही.

थोड्या वेळानं गावातल्या एका ताईंचा फोन आला. "ताई, तुमच्याकडून आलंय म्हणजे खरंच असणार ना?"

बातमी खोटी होती. पोलिसांनी तसं जाहीर केलं आणि ही अफवा पसरवल्याबद्दल एका तरुणीवर कारवाईही केली. मी मेसेज काढून टाकला, माफी लिहिली. पण बदलापुरात त्या काळात इंटरनेटही बंद ठेवलं होतं, त्यामुळे तिकडच्या ताईंना माफी पोचलीच नाही. मला एकेकीला फोन करावा लागला. एका आईनं त्या रात्री जेवण केलं नव्हतं. आणि त्या मुलींच्या घरच्यांना आपलं मूल गेल्याचे मेसेज वाचावे लागले असतील, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

त्या ताईंच्या प्रश्नातच सगळं आहे. मेसेज कुणाही अनोळखी माणसाचा असो, तुम्ही पुढे पाठवला की तो तुमच्या नावावर चालतो. तुमची पत त्याला लागते. आपण गटात नव्या बाईला कर्ज देताना काय काय विचारतो? राहते कुठे, करते काय, आधी घेतलेलं फेडलं का. आणि इकडे ज्याचं नाव-गाव माहीत नाही, त्याला आपण एका बोटानं जामीन राहतो.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 ला दिसलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज आणि व्हिडिओ त्या आधी कितीतरी दिवस फिरत होते. आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला आली होती, त्यातली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ होता, मोटारसायकलवरून मूल उचलून नेतात तो. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली फिल्म होती. तिच्या शेवटी तो माणूस मूल परत आणून देतो. तेवढाच शेवट कुणीतरी कापला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. मेसेजच्या वर दोन बाण दिसले, तर तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय असं समजा. असा मेसेज 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दोन बाण म्हणजे खोटंच असं नाही, पण लिहिणारा तुमच्यापासून फार लांब आहे एवढं नक्की.

लहान मुलांवरच्या अत्याचाराबद्दल आणखी एक. रागाच्या भरात सुद्धा मुलीचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, आई-वडिलांची माहिती, काहीही टाकायचं नाही. पोक्सो कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता म्हणून त्या मुलीची ओळख पुन्हा झाकली जात नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण यावर बैठकीत बोललोय. लाडकी बहीण किंवा कुठल्याही सरकारी योजनेची लिंक आली, तर पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा. नसेल तर हात लावू नका. लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून 'एपीके' नावाची फाईल आली, तर उघडू नका, मग ती सख्ख्या मामाच्या नंबरवरून का आलेली असेना. मामाचा मोबाईल आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि आपण स्वतः काय टाकतो? आपले पापड, नाचणीचे लाडू, गोधड्या यांचे स्टेटस मी रोज बघते. फोटो छान असतात, पण दहातल्या आठांवर भाव नसतो, वजन नसतं, गावाचं नाव नसतं. गिऱ्हाईक विचारेल म्हणता, पण ते विचारत नाही, पुढे सरकतं. फोटोखाली चार शब्द लिहा: काय, किती, केवढ्याला, कुठे.

ॲडमिन असलेल्या ताईंना ग्रुपमधला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. बऱ्याच जणींना हे माहीत नाही. पुढच्या मासिक बैठकीला अंबरनाथला येताना मोबाईल चार्ज करून आणा, प्रत्येकीच्या हातून करून घेते.

आणि शेळीवाल्या ताईंनी तो फोटो ग्रुपवरून काढायचा राहिलाय. त्यावर तारीख नव्हती. तो मुरबाडच्या बाजूला पोचलाय आणि त्यांना अजून फोन येतात, "तुमची शेळी दिसली." शेळी गोठ्यात आहे.