पारदर्शक दोरी आणि खारं पाणी

फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे पिसं-केस बांधून केलेली बनावट माशी. तिला वजन जवळजवळ नसतंच. त्यामुळे काठीने फेकायची ती दोरी; माशी तिच्यामागून ओढली जाते. साहजिकच दोरी जाड आणि जड लागते. आठ नंबरच्या दोरीचे पुढचे ३० फूट साधारण साडेतेरा ग्रॅम भरतात.

फ्लोरिडा कीज बेटांजवळच्या उथळ, नितळ पाण्यात टार्पन मासा अशा जाड दोरीला बुजतो, म्हणून तिथे पारदर्शक दोरी वापरतात. ती अदृश्य मात्र नसते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, दोरीच्या प्लास्टिकचा दीडच्या आसपास. या फरकामुळे कडा चमकतेच, वाळूवर सावलीही पडते.

तरंगणाऱ्या दोरीच्या आवरणात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे असतात. त्यांनीच ती हलकी होते आणि त्यांनीच अपारदर्शकही. गोळे काढले की आरपार दिसतं, पण दोरी पाण्याहून जड होते. म्हणून बहुतेक पारदर्शक दोऱ्या सेकंदाला इंच-दीड इंच बुडतात. वाऱ्याने पाणी हिंदकळत असेल तेव्हा हे बरंच, कारण दोरी लाटांखालून सरळ राहते. मात्र नेम चुकला तर ती पाण्यावरून अलगद उचलून पुन्हा फेकता येत नाही. आधी बरीचशी ओढून घ्यावी लागते. मासा तोवर थांबतोय कशाला!

आवरणातून विणलेला गाभा दिसेल, म्हणून आत बहुधा एकेरी तंगूस असतो. रिळावर राहून त्याला वेटोळी पडतात, गारव्यात जास्तच. मासा सुसाट निघाला की होडीत पडलेल्या याच वेटोळ्यांची गाठ होते. म्हणून सकाळी दोरी हातभर-हातभर ताणून घ्यावी.

झीज अनेक बाजूंनी होते. वाळलेल्या मिठाचे कण काठीच्या कड्यांतून घासतात. ऊन आणि उष्णतेने प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू निघून जातात, मग भेगा पडतात. डासांच्या मलमातलं डीट तर आवरण विरघळवतं. ते लावल्यावर हात धुतल्याशिवाय दोरीला शिवू नये. पारदर्शक दोरीवरची बारीक चीर डोळ्यांना चटकन दिसत नाही, ती बोटांतून दोरी सरकवूनच शोधावी. घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून, सौम्य साबणाने पुसून, सावलीत सैल वेटोळी करून ठेवावी.

पहिल्यांदा घेणाऱ्याने पूर्ण पारदर्शक दोरी घेऊ नये. फक्त पुढचं टोक पारदर्शक आणि मागचा भाग रंगीत अशी घ्यावी. आपली दोरी कुठे पडली हे आपल्यालाही दिसायला हवं.