पळसाचा रंग आणि पुडीतला रंग





गेल्या नाताळानंतर नागपूरच्या एका मंडळीतील भगिनीचे पत्र आले. काटोलजवळच्या आमच्या शिवण वर्गातील गोंड बायांनी रंगवलेली एक केशरी पिशवी तिने घेतली होती. उपासनेला जाताना पिशवीत पाण्याची बाटली सांडली आणि तिच्या पांढऱ्या साडीला केशरी डाग पडला. तो काही केल्या निघाला नाही. पिशवीला चिठ्ठी होती, "वनस्पतीच्या रंगात रंगवलेली". भगिनीने तक्रार केली नव्हती. तिने फक्त विचारले होते, "झाडाचा रंग असाच उतरतो का?"

या प्रश्नाचे उत्तर मी तिला पत्राने दिले. पण तीच पिशवी आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल, म्हणून ते सर्वांपुढे मांडते. उत्तर दोन भागांत आहे, आणि पहिला भाग माझ्या चुकीचा आहे.

ती पिशवी पळसाच्या रंगाची नव्हती. काटोल ते कोंढाळी या पट्ट्यात पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. बाया फुले वेचून सावलीत वाळवतात. त्या वर्षीची फुले पावसाळ्यातच संपली आणि नाताळासाठी पिशव्यांची मागणी मोठी आली. मी बाजारातून केशरी रंगाच्या पुड्या आणल्या. बायांना ते सोयीचे वाटले. "ताई, हे बरं हाय. पुडी टाकली का झालं," असे त्या म्हणाल्या. चिठ्ठ्या मात्र आधीच छापलेल्या होत्या, त्याच लागल्या. चिठ्ठ्या लावून घेण्याचे काम माझे होते. बायांचा त्यात काही दोष नाही.

दुसरा भाग असा की, पिशवी पळसाची असती तरी रंग नीट बसवला नसता तर डाग पडलाच असता. "झाडाचा तो चांगला, पुडीतला तो वाईट" एवढ्याने काम भागत नाही. रंग कशाने टिकतो आणि कशाने अपाय करतो, हे मला त्यानंतर नीट शिकावे लागले. तेच येथे सांगते.

रंग कापडाला धरतो कसा?

पाण्यात रंग कालवून कापड बुडवले की ते रंगीत दिसते, पण तेवढ्याने रंग धाग्याला चिकटलेला नसतो. तो धाग्यात नुसता शिरून बसतो आणि पाणी लागले की बाहेर येतो. त्याला बांधून ठेवणारा मध्यस्थ लागतो. त्याला रंगबंधक म्हणतात. आपल्याकडचा सर्वांत जुना आणि निर्धोक रंगबंधक म्हणजे तुरटी. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरते.

सुती कापडाची एक अडचण आहे. लोकर किंवा रेशीम तुरटी सहज धरते, सूत धरत नाही. म्हणून आधी कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. हिरड्यातील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, सुताला धरते. त्याला तुरटी धरते. तुरटीला रंग धरतो. एक किलो कापडाला साधारण २०० ग्रॅम हिरड्याची पूड आणि १५० ग्रॅम तुरटी आम्ही घेतो. सुकी फुले मात्र कापडाच्या वजनाइतकी तरी लागतात. धुणे, भिजवणे, वाळवणे, उकळणे यांत दोन दिवस जातात. पुडीच्या रंगाला एक किलो कापडासाठी २०-३० ग्रॅम पूड आणि अर्धा दिवस पुरतो. पळसाची पिशवी महाग का, याचे उत्तर या हिशेबात आहे. फूल फुकट मिळते, पण बाईचे दोन दिवस फुकट नसतात.

आपल्या शिवारातील रंग

पळसाच्या फुलाचा रंग पिवळा उतरतो. पाण्यात चुन्याची निवळी घातली की तो केशरीकडे झुकतो. डाळिंबाच्या सालीचा पिवळा पळसापेक्षा अधिक टिकतो. बाभळीच्या सालीचा तपकिरी रंग चांगला बसतो. लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात पंधरा-वीस दिवस ठेवले की काळपट पाणी तयार होते. हिरड्यात भिजवलेले कापड त्यात बुडवले की डोळ्यांदेखत काळे होते. लग्नांतील आणि दसऱ्यातील झेंडूची फुलेही आम्ही वाळवून ठेवतो.

हे सारे रंग सारखे टिकाऊ नाहीत. हळदीचा रंग उन्हात काही दिवसांत विटतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. साबणातील क्षाराने हळदीचा रंग पालटतो; कुंकूही हळदीला क्षार देऊनच करीत आले आहेत. पळसही उन्हात आणि धुण्यात फिकट होत जातो. होळीला खेळण्यासाठी तो उत्तम, कारण तिथे तो निघून गेलेलाच बरा. वर्षानुवर्षे वापरायच्या पिशवीला मात्र बाभूळ किंवा डाळिंब बरे. मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा हे खरे टिकाऊ रंग. निळीची तर रीतच वेगळी. ती पाण्यात विरघळत नाही. आंबवून तिचे रूप पालटावे लागते. कापड हौदातून हिरवट पिवळे निघते आणि हवा लागली की निळे होते. तिला तुरटी लागत नाही.

एका झाडाची गोष्ट

विदर्भात बारतोंडी नावाचे झाड आहे, त्यालाच आल म्हणतात. त्याच्या मुळीच्या सालीत लाल रंग असतो. रेल्वे येण्यापूर्वीच्या काळात मध्य प्रांतात आणि बुंदेलखंडात आलीची शेती होत असे. तीन-चार वर्षांनी मुळ्या खणून काढीत आणि त्यांच्या रंगात जाड लाल कापड रंगवीत.

मग दूरच्या देशात एक घटना घडली. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन प्रयोगशाळेत तयार करू पाहत होता. क्विनीन झाले नाही. भांड्यात काळा गाळ उरला आणि त्यातून जांभळा रंग निघाला. कोळशाच्या डांबरातील द्रव्यांपासून तयार झालेला हा पहिला व्यापारी रंग. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठवर्गातील झाडांचा लाल रंग, म्हणजे अलिझरीन, कृत्रिम रीतीने तयार केला. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. स्वस्त लाल रंग आला आणि युरोपातील मंजिष्ठेची शेती बसली. आपल्याकडची आलही गेली. आज आमच्या गावांतील म्हाताऱ्या माणसांना बारतोंडीचे झाड ओळखू येते, पण तिच्या मुळीने कापड रंगवलेले कोणी पाहिलेले नाही.

पण दुसरी बाजूही न्यायाने पाहावी. आपल्या बायबलमध्ये थुवतीरा नगरची लुदिया आहे, जांभळी वस्त्रे विकणारी. त्या काळातील खरा जांभळा रंग समुद्रातील गोगलगायींपासून काढीत. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या शास्त्रज्ञाने तो काढून पाहिला. बारा हजार गोगलगायींपासून त्याला केवळ १.४ ग्रॅम रंग मिळाला. म्हणूनच असे वस्त्र राजांच्या आणि श्रीमंतांच्याच अंगावर दिसे. पर्किननंतर जांभळे लुगडे मजुराच्या बायकोलाही परवडू लागले. हे कृत्रिम रंगाचे देणे आहे आणि ते लहान नाही.

अपाय कशात असतो?

कृत्रिम रंग सारे एकसारखे नसतात. १९५६ पासून मिळू लागलेले रिॲक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बंधनाने जोडले जातात. सोडा आणि मीठ योग्य प्रमाणात घालून पुरेसा वेळ ठेवले आणि शेवटी गरम साबणाच्या पाण्यात धुतले, तर ते सहसा उतरत नाहीत. मी आणलेल्या पुडीवर रंगाचा प्रकार लिहिलेला नव्हता, वापरण्याची रीतही नव्हती. आम्ही तो नुसता उकळून कापडाला दिला. डाग पडला तो त्यामुळे.

दुसरा धोका शरीराला. ॲझो वर्गातील काही रंगांपासून कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये सुटतात. जर्मनीने १९९४ साली अशा रंगांना आळा घातला आणि भारतानेही नव्वदच्या दशकात शंभरहून अधिक रंगांवर बंदी आणली. बिननावाच्या पुडीत काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. त्या पिशव्या रंगवताना एका ताईच्या दोन्ही हातांवर पुरळ उठले आणि पंधरा दिवस तिला भाकरी थापता आली नाही. मी हातमोजे दिले नव्हते.

पण झाडाच्या रंगाची वाटही पूर्ण निर्धोक आहे असे समजू नये. रंग खुलवण्यासाठी काही जण मोरचूद वापरतात, तर काही क्रोमचे क्षार. मोरचूद पोटात गेले तर विषारी आहे आणि नाल्यातील मासे मारते. क्रोमचे क्षार त्याहून घातक. पळसाच्या फुलाला क्रोम दिले तर चिठ्ठीवर "वनस्पतीचा रंग" हे शब्द खरे ठरतील, पण त्यांवर विसंबणाऱ्याची फसवणूकच होईल. तुरटी, हिरडा आणि थोडे लोखंड यांपलीकडे आम्ही जात नाही.

कापडाचा रंग खाण्यात जाऊ नये, हेही येथे सांगते. रोडामाइन बी हा कापडाचा गुलाबी रंग "बुढ्ढी के बाल" या मिठाईत सापडल्याने तामिळनाडूने २०२४ च्या फेब्रुवारीत ती मिठाई बंद केली. आमच्या एका घरी रंगाचे पातेले धुऊन पुन्हा स्वयंपाकाला घेतलेले मी पाहिले आहे. आता रंगाची पातेली वेगळी आहेत आणि त्यांच्या कानांना लाल दोरा बांधला आहे.

पाण्याचा प्रश्न एका आजीने काढला. रंगाचे पहिले घमेले रिकामे करायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, हे पाणी कुठं टाकाचं? नाल्यावर आमची ढोरं पाणी पितेत." माझ्याकडे उत्तर नव्हते. आता पळस, डाळिंब, बाभळीचे पाणी थंड करून नाल्यापासून दूर शोषखड्ड्यात जाते. रिॲक्टिव्ह रंगात मीठ पुष्कळ लागते आणि न बसलेला रंग पाण्यातच राहतो. ते पाणी साफ करण्याची सोय आमच्याकडे नाही, म्हणून ते रंगकाम आम्ही गावात करीत नाही.

आता काय करतो

आमच्या पिशव्या यापुढे दोन प्रकारच्या असतील. एक, झाडांच्या रंगाच्या. त्यांच्या चिठ्ठीवर कोणते झाड आणि कोणता रंगबंधक हे लिहिलेले असेल. दुसऱ्या, गिरणीत रंगवलेल्या कापडाच्या, आणि चिठ्ठीवर तसेच लिहिलेले असेल. त्या स्वस्त आहेत, मजबूत आहेत, आणि शिवणाऱ्या हातांना त्यांचीही मजुरी मिळते. त्यात कमीपणा नाही. फुले संपली की झाडांच्या रंगाच्या पिशव्याही संपतील. पुढच्या फाल्गुनापर्यंत वाट पाहावी लागेल. आता चिठ्ठ्या बाया स्वतः लावतात. काय घातले ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक?

आपणही घरी एक परीक्षा करून पाहू शकता. नवे रंगीत कापड घेतले की पांढरा रुमाल ओला करून त्याच्या कोपऱ्यावर जोराने घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पहिले दोन-तीन वेळा वेगळे धुवा. झाडाच्या रंगाचे कापड सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. धुण्याचा सोडा त्याला लावू नका. रंग हळूहळू फिका होईल, तो त्याचा स्वभाव आहे.

ज्यांच्याकडे गेल्या नाताळातील केशरी पिशवी आहे, त्यांनी ती कृपया परत पाठवावी; बदली पिशवी देऊ. पत्र पाठवणाऱ्या भगिनीला आम्ही बाभळीच्या रंगाची पिशवी पाठवली. पाठवण्यापूर्वी आजींनी ती ओल्या पांढऱ्या फडक्याने तीनदा घासून पाहिली. फडके पांढरेच राहिले.

आपली सेवेतील भगिनी,
काटोल